गाठ न आलेला धागा

"खोल," शेठ म्हणाला.

मी चेंडू दोन्ही हातांत धरून त्याच्या झोपाळ्यासमोर उभा होतो. मला वाटलं, मूठ खोल म्हणतोय. मी हात पुढे केले. तो हसला नाही.

"दडो खोल. बधो खोल."

दडो म्हणजे चेंडू. सगळा उसव, असं तो म्हणत होता. माझं वय दहा. पायात चप्पल नव्हती, आणि शेठच्या अंगणातली फरशी उन्हाने तापलेली होती. मी एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभा राहिलो. फाटकाच्या गजांना धरून आमच्या चाळीतली सगळी पोरं बघत होती. दोन मिनिटांपूर्वी आम्ही बाहेर रस्त्यावर लगोरी खेळत होतो. फुटक्या कौलांचे सात तुकडे रचले होते, मी नेम धरून चेंडू मारला, तो कौलांना न लागता कुंपणावरून आत गेला आणि शेठच्या झोपाळ्याखाली थांबला. चेंडू मागायला मी आत गेलो. एवढंच घडलं होतं.

गुजरातेत कतारगामला शेठचं यंत्रमागांचं खातं, म्हणजे कारखाना, होता. खाली माग, वर शेठचं घर, बाजूला फरशीचं अंगण. खात्याच्या मागे पत्र्याची चाळ, तिथे आम्ही. चाळीत बहुतेक सगळे खानदेशातले. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, त्याच खात्यात चार माग चालवायचे.

चेंडू मायने शिवला होता. वरून नानांच्या जुन्या पँटचा पाय. आडवे-उभे टाके, बारीक, एकसारखे. मायची एक पूर्ण दुपार त्यात गेली होती. तो टाका मला दाताने तोडावा लागला. आधी पँटचं कापड निघालं. मग मायच्या चोळीची बाही, मग बनियनची पट्टी. शेठ एकेक चिंधी पायाच्या अंगठ्याने बाजूला सारत होता. त्याचं चिंध्यांकडे लक्ष नव्हतं. वरचं कापड एका ठिकाणी फाटलं होतं, आणि त्या फटीतून त्याला जे चमकताना दिसलं होतं, त्याची तो वाट बघत होता.

मग ते निघालं. पांढरा, झळझळीत धागा. लिंबाएवढा गोळा.

"एना बापने बोलाव," शेठने आत सांगितलं.

नाना आले. हात तेलाने काळे, कानात कापसाचे बोळे. त्यांनी बोळे काढले, आधी माझ्याकडे बघितलं, मग फरशीवर पसरलेल्या चिंध्यांकडे. शेठने त्यांच्या हातात एक रिकामी कांडी दिली. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती नळी, जिच्यावर आडवा धागा गुंडाळलेला असतो.

"भर," शेठ त्यांना म्हणाला. आणि मला म्हणाला, "तुं खोल. धीमे धीमे. दोरो तूटवो न जोईए." धागा तुटायला नको होता.

मी गोळा सोडवत गेलो. नाना कांडी भरत गेले. आमच्या दोघांच्या मध्ये तो धागा ताणलेला होता.

हे आता समजावून सांगायला हवं, कारण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते न सांगता कळत होतं. खात्यात धागा तुटतो, गुंततो, कांडीच्या तळाशी थोडा उरतो. ते वेस्ट. वेस्ट तुकड्यातुकड्यांत असतं. त्याचा चेंडू करायचा तर तुकड्याला तुकडा गाठ मारून जोडावा लागतो. म्हणून वेस्टच्या गोळ्यात हातभर गेलं की गाठ येते. गाठ आली नाही, तर धागा वेस्टचा नाही. तो भरलेल्या कांडीवरून उतरवलेला आहे.

"गांठ आवी?" शेठने विचारलं.

"ना, शेठ," नाना म्हणाले.

मी ओढत राहिलो. मनात म्हणत होतो, येऊ दे, एक तरी येऊ दे. गाठ येणार नाही हे मला माहीत होतं. तरी म्हणत होतो.

"आवी?"

"ना, शेठ."

पाळी सुटायची वेळ होती. कारागीर बाहेर पडत होते आणि थांबत होते. कोणी पुढे आलं नाही. कोणी निघूनही गेलं नाही.

"आवी?"

या वेळी नानांनी नुसती मान हलवली.

शेवटी धागा संपला. माझ्या हातात सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा उरला, चेंडू उसळावा म्हणून आत घातलेला. शेठने झोपाळा थांबवला.

"कोणे आप्यो?"

कोणी दिला. प्रश्न मला होता.

आता मी ते लिहितो जे मी चाळीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. तो धागा मी घेतला होता. दुपारी नानांचा डबा द्यायला मी खात्यात जायचो. मागाच्या बाजूला भरलेल्या कांड्यांची पेटी असायची. नाना तुटलेला धागा जोडायला वाकले होते. मी एक कांडी चड्डीत खोचली. चाळीच्या मागे बसून तिचा धागा ट्यूबवर गच्च गुंडाळला, रिकामी कांडी खाडीत फेकली, आणि धागा दिसू नये म्हणून वर बनियनची पट्टी गुंडाळून तो गोळा मायला शिवायला दिला. नुसत्या चिंध्यांचा चेंडू बसका होतो, उसळत नाही, लांब जात नाही. आधी आम्ही आत दगड घालायचो, पण त्याने एका पोराचं डोकं फुटलं आणि सगळ्या आयांनी दगड बंद केले. मला चाळीतला सगळ्यांत चांगला चेंडू हवा होता. बस.

"कोणे आप्यो?"

"नानांनी," मी म्हणालो.

का म्हणालो? मी याचं उत्तर चाळीस वर्षं शोधलं आहे. मोठ्या माणसाला कोण काय करणार, असं मला वाटलं होतं. नाना उंच होते. चार माग एकट्याने सांभाळायचे. एवढ्या माणसाला एका चेंडूसाठी काय होणार.

नानांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग शेठला म्हणाले, "हां शेठ. मैंने दिया. छोकरे का कुछ नहीं."

"कान पकड."

नानांनी भरलेली कांडी खाली ठेवली. नीट ठेवली, धागा सुटू नये म्हणून टोक दाबून. मग दोन्ही कान धरले. काळे हात, कानांच्या पाळ्या काळ्या झाल्या. त्यांनी उठाबशा काढल्या. मी मोजल्या नाहीत. कोणीतरी मागे हसलं. शेठ हसला नाही. तो झोपाळ्यावरून उठता उठता शांतपणे म्हणाला, "आ लोकोनां छोकरां धावणमांथी ज शीखे छे."

या लोकांची पोरं आईच्या दुधातूनच शिकतात.

संध्याकाळी नानांनी मोरीत रॉकेलने हात धुतले. कानही पुसले. मी दाराशी उभा होतो. ते मला म्हणाले, "दुसरा चेंडू बनाडी ले. दगड नको घालजो."

त्यांनी मला मारलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं.

शेठने नानांना काढलं नाही. चार माग चालवणारा हात कोण सोडतो? पण त्या दिवसापासून पाळी सुटताना फाटकावर पहिला डबा नानांचा उघडला जायचा. आणि त्यांचं नाव गेलं. खात्यात ते 'दडो' झाले. चाळीत 'दडावाला'. आम्ही कतारगाम सोडून गोडादऱ्याला आलो तेव्हा ते नाव आमच्या आधी तिथे पोचलं होतं. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारायचं, "कोन रे हाऊ?" तर उत्तर यायचं, "तो नही का, दडावाला." नाना हसायचे. त्या हसण्यात दात दिसायचे, आवाज नसायचा.

मायला ते नाव सोसलं नाही. ती घरी साड्यांचे धागे कापायचं काम आणायची. मांडीवर साडी, हातात छोटी कात्री, आणि तोंडाने चालू. पाणी गळलं, गॅस संपला, माझ्या बहिणीचं स्थळ मोडलं, काहीही झालं तरी बोलणं तिथेच यायचं. "एक चेंडूपायी इज्जत गमाडी तुम्ही." नाना जेवत असतील तर जेवत राहायचे. मी शेजारी बसून जेवायचो. मी पंधरा वर्षांचा झालो, वीसचा झालो, माझं लग्न झालं. मी जेवत राहिलो. सांगायचं ठरवून मी किती वेळा तोंड उघडलं आणि पाणी मागितलं, ते मलाच माहीत. वय वाढलं तसं सांगणं सोपं होईल असं वाटायचं. उलट झालं. दहा वर्षांच्या पोराचं खोटं माफ होतं. तिशीतल्या बाप्याचं होत नाही.

नाना मागच्या वर्षी गेले. स्मशानात दोन म्हातारे बाकावर बसले होते. एक दुसऱ्याला हळूच सांगत होता, कोण गेलं ते. त्याने नाव घेतलं नाही. ते दुसरं नाव घेतलं.

मी आज एका मोठ्या कारखान्यात चेकिंग सुपरवायझर आहे. तिथे धोटे नाहीत, कांड्या नाहीत, पाण्याच्या फवाऱ्यावर माग चालतात. पण फाटक आहे. पाळी सुटते तेव्हा रांग लागते आणि मी पिशव्या बघतो. या कामासाठी माझी निवड झाली, कारण चिमटीत धागा धरला की तो वेस्टचा की चांगला, हे मला न बघता कळतं. मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. ही कला मी कुठे शिकलो, ते त्यांना माहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका बाईच्या पिशवीत चिंध्यांची बाहुली निघाली. लेसच्या कातरणांचा घागरा. ती म्हणाली, "भाऊ, पोरीसाठी बनवली. सगळं झाडलेलं आहे, वेस्ट आहे." मी म्हणालो, "ताई, नियम आहे." आणि बाहुली उसवली. हळूच. चांगल्या शब्दांत. गाठी होत्या. सगळं वेस्टच होतं. मी ते सगळं परत तिच्या हातात दिलं, आणि पुढच्याला या म्हणालो.

त्या रात्री मी नीट जेवलो, झोपलोसुद्धा. हेही लिहून ठेवतो.

आता चार दिवसांपूर्वीची गोष्ट. आमच्या गोडादऱ्याच्या मंडळाने मुलांसाठी 'जुने खेळ' असा रविवार ठेवला. शाळेच्या मैदानात लगोरी, भोवरा, गोट्या, टायर फिरवणं. काड्यापेट्यांचा टेलिफोनही होता. मला चेंडू बांधून दाखवायला बोलावलं होतं. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. ती पुढच्या रांगेत बसली होती, शेजारणीशी गुजरातीत बोलत. माझ्या हातात माईक दिला. मी म्हणालो, "आमच्या वेळी मोबाईल नव्हते. खेळणी विकत मिळत नव्हती. आम्ही चिंध्यांतून आनंद शोधायचो." टाळ्या पडल्या. मी आणखी बोललो. धाग्याच्या पुठ्ठ्याच्या कोनाची आम्ही टोपी करायचो, जुन्या बेअरिंगची गाडी करायचो, किती गोड दिवस होते ते. माझ्या तोंडून सगळं साखरेसारखं निघत होतं. ती टोपी घातली म्हणून मुकादमाने कोणाच्या कानाखाली मारली होती, ते मी वगळलं. कचऱ्यातून उचलायलाही आम्हाला विचारावं लागायचं, ते वगळलं.

मी चिंध्यांवर चिंध्या गुंडाळत होतो, तेवढ्यात मागून सुकलाल काकांचा आवाज आला. नानांच्या बरोबरीने माग चालवलेले, आता ऐंशीला टेकलेले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना गंमत सुचली होती.

"दडाना पोऱ्या दडाच बांधस रे भो!"

सगळे हसले. मी पण हसलो. दात दिसले, आवाज नव्हता.

घरी जाताना मुलगी स्कूटरवर मागे बसली होती. माझ्या पाठीला तोंड लावून तिने विचारलं, "पप्पा, त्या सुकलाल दादांनी दडा का म्हटलं?"

"आजोबांना म्हणायचे तसं."

"का पण?"

सिग्नल लागला होता. उत्तर द्यायला वेळ होता. शेठ नव्हता. झोपाळा नव्हता. मी पन्नाशीचा, बूट घातलेला माणूस. आणि मी म्हणालो, "तुझ्या आजोबांनी एकदा शेठचा धागा आणला होता. माझ्या चेंडूसाठी."

ती म्हणाली, "मतलब, आजोबा चोर थे?"

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले. मी स्कूटर कडेला घेतली आणि उभा राहिलो. नानांनी मोरीत कान पुसले ते मला दिसलं. पहिल्यांदा मी भीतीने खोटं बोललो होतो. आता भीती कसली होती? आता मी नुसत्या सवयीने बापाला उठाबशा काढायला लावत होतो. मेल्यानंतरही.

"नाही," मी तिला म्हणालो. "चोर मी होतो. धागा मी घेतला होता. आजोबांनी माझं नाव सांगितलं नाही."

ती खाली उतरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मग तुम्ही का नाही सांगितलं?"

मी तिला सांगितलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "हे काय उत्तर आहे?"



घरी माय खिडकीशी साडीचे धागे कापत बसली होती. आता तिला दिसत नाही, काम मिळतही नाही, पण ती सुनेची जुनी साडी मांडीवर घेऊन कात्री चालवत असते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. कांडी. पेटी. खाडी. कात्री थांबली होती.

मग ती म्हणाली, "मी तेले मरेपावत बोलनू."

तिने कात्री खाली ठेवली.

"आते कोनले सांगू मी? कोठे जाऊ सांगाले?"

मी तिच्या पायाला हात लावायला गेलो. तिने पाय ओढून घेतले. "ऊठ आठून."

तिने मला माफ केलेलं नाही. ती सुनेच्या हातचं जेवते, नातीशी बोलते. मी खोलीत आलो की कात्री उचलते. ते बरोबर आहे. तिने मला माफ करावं म्हणून मी तिला सांगितलं नव्हतं, असं मी म्हणतो. पण थोडं त्यासाठीच सांगितलं होतं. ती आशाही आता गेली.

दुसऱ्या दिवशी मी सुकलाल काकांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्हले वाटेच." आम्हाला वाटतच होतं. "पेटी तुन्हा नानाना मागनी नव्हतीच. शेजारनी व्हती, तठे तुन्हा नाना गयाच नव्हता. माले माहीत व्हतं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "शेठसमोर कोन बोलाव?"

तेव्हा मला जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. मी चाळीस वर्षं फक्त माझ्या त्या एका शब्दाकडे बघत होतो. 'नानांनी.' त्या शब्दामागे शेठ आरामात लपून राहिला. मी स्वतःला इतका दोष दिला, की त्याला द्यायला काही उरलं नाही. मी खोटं बोललो, तो माझा गुन्हा. तो मी कोणावर ढकलत नाही. पण पोराचा चेंडू पोराच्याच हाताने उसवायला कोणी लावला? धागा तुटू नये म्हणून हळू ओढ, असं सांगणारा, आणि समोर माणूस तुटतोय ते न बघणारा, तो कोण होता? नानांनी त्या खात्यात उभं आयुष्य धागा विणला. किती तागे, किती साड्या, कोणाकोणाच्या अंगावर गेल्या. त्यातला एका कांडीचा धागा त्यांच्या पोराच्या चेंडूत होता. आणि चोर ते. शेठला त्या नावाने कोणी कधी हाक मारली नाही.

आणि मी? मी शेठच्याच झोपाळ्यासमोर उभा राहून पिशव्या उघडत होतो. फरक एवढाच, की मी 'ताई' म्हणत होतो.

त्याच संध्याकाळी पाळी सुटली. रांग लागली. मॅनेजर तरुण आहे, माझ्याशी नीट बोलतो. तो म्हणाला, "सर, लाइन लग गई. चेकिंग चालू करो."

"नहीं करूँगा."

"क्यों? तबीयत?"

"तबीयत ठीक है. किसी के डिब्बे में हाथ नहीं डालूँगा."

"तो कौन डालेगा?"

"जिसका धागा है, वो डाले."

तो हसला. मी थट्टा करतोय असं त्याला वाटलं. मग त्याला कळलं. रांगेत पुढेच ती बाहुलीवाली बाई होती. तिने पिशवी सवयीने उघडून धरली होती. मी तिला म्हणालो, "बंद करा, ताई." तिने केली नाही. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. का असावा?

शेवटी वॉचमनला बोलावून चेकिंग करून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली. कामात कुचराई, असं लिहिलं आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला. खुलासा म्हणून मी हेच लिहायला बसलो, आणि ते एवढं झालं. यातलं काय त्यांना द्यायचं ते ठरलं आहे. एक ओळ देणार. मी कोणाची पिशवी उघडणार नाही. बाकीचं इथे छापायला देतोय, नानांना त्या नावाने हाक मारणाऱ्या प्रत्येकासाठी. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे मी उभा राहून वाचणार आहे. माईक मला द्यावाच लागेल. मागच्या वेळी गोड बोलायला दिला होता.

मुलीला मी चेंडू बांधून दिला आहे. मंडळातला नाही, तो मी फेकला. हा नवा. आत सायकलची ट्यूब, वर बाजारातून आणलेली पांढऱ्या धाग्याची अख्खी रिळं, गच्च. वरून पँटचं कापड. मायने शिवला असता तर टाके बारीक आले असते. मी शिवलाय, टाके ओबडधोबड आहेत. तो उसळतो. लांब जातो. समोरच्या बंगल्याच्या कुंपणावरून एकदा गेलाही.

मी तिला सांगून ठेवलं आहे. चेंडू कोणाच्याही अंगणात पडू दे. फाटकातून ताठ आत जायचं, मागायचा, घेऊन यायचा. कोणी म्हणालं, यात काय आहे ते उसवून दाखव, तर दाखवायचं नाही. कोणीही म्हणू दे. मी म्हणालो तरी.